यादी एक, वाचणारे अनेक

गेल्या वर्षीं आषाढांतील गोष्ट. सकाळीं मी ओसरीवर वर्तमानपत्र चाळीत बसलों होतों, तोंच माझा पुतण्या रात्रपाळीचें जागरण डोळ्यांत घेऊन कारखान्यांतून आला व कोणाशीं एक शब्दहि न बोलतां माडीवर निघून गेला. भोसरीच्या औद्योगिक वसाहतींत त्याचा पत्र्याचे सुटे भाग तयार करण्याचा लहानसा कारखाना आहे; तीन प्रेस, एक ग्राइंडिंग मशीन आणि पंचवीस माणसें. चहा घेऊन वर गेलेल्या वहिनी खालीं आल्या त्या पदरानें डोळे टिपीतच. म्हणाल्या, "भावजी, त्यानं फोरमनमामांना नको तें ऐकवलं. मामा डबा उचलून घरीं गेले."

हे मामा आमच्या नात्याचे नव्हेत. परंतु माझ्या वडील बंधूंनीं कारखाना काढला त्या दिवसापासून, म्हणजे बावीस वर्षें, ते तेथें आहेत. आणि बंधु निवर्तल्यावर पोराला हाताशीं धरून काम शिकविलें तें त्यांनींच. आदल्या रात्रीं दोन वाजतां मोठ्या प्रेसवरील डायचा पंच तुटला व डायला चीर गेली. चाकणच्या एका मोठ्या कारखान्यास दुसऱ्या दिवशीं दुपारीं द्यावयाचा माल निम्माच राहिला. डायला धार लावावयाची वेळ केव्हांच टळून गेली होती, तें मामांनीं कां सांगितलें नाहीं, असा पुतण्याचा सवाल. "मीं लिहिलं होतं," एवढेंच मामांचें उत्तर. "कुठं लिहिलंत? मला दाखवा," असें पुतण्यानें दहा माणसांदेखत म्हटलें, आणि खोटेपणाचा तो आळ म्हाताऱ्याच्या जिव्हारीं लागला.

समजूत घालण्याचें काम अर्थातच मजकडे आलें. पस्तीस वर्षें मास्तरकी केलेल्या माणसाला लोक दुसरें काम काय देणार? परंतु मामांकडे जाण्यापूर्वीं खरें काय तें पाहावें, म्हणून मी त्या दिवशीं प्रथमच कारखान्यांतील संगणकापुढें जाऊन बसलों. आणि पाहतों तों दोघेहि खरें बोलत होते. मामांनीं लिहिलें होतें. पुतण्याला तें दिसलें नव्हतें.

कारखान्यांत कामांची नोंद ठेवण्याचें एक सॉफ्टवेअर वर्षापूर्वीं घेतलें होतें. त्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं; या जातीचीं सॉफ्टवेअरें आतां पुष्कळ निघालीं आहेत. प्रत्येक काम म्हणजे एक नोंद, आणि सर्व नोंदींची मिळून पडद्यावर एक यादी. यादीचे रकाने असे: भागाचें नांव, ग्राहक, नग किती, गेले किती, राहिले किती, मुदत कोणती. मुदत जवळ आलेलें काम वर, लांबचें खालीं. माल देण्याच्या कामाला हें सारें उत्तम. पण डायच्या दुरुस्तीचें कामहि त्याच यादींत लिहावयाचें. आतां डायला ग्राहक कोठला? नग तर एकच. आणि मुदत? डायची धार तारखेनें जात नाहीं. प्रेसचे फटके किती पडले यावर जाते. कारखान्यांत त्यांना स्ट्रोक म्हणतात. स्ट्रोकचा रकाना यादींत नव्हताच. तेव्हां मामांनीं ‘इतके स्ट्रोक झाले, धार लावणें आहे’ असें वर्णनाच्या जागेंत लिहिलें आणि मुदतीची जागा मोकळी सोडली. मुदत नसलेलीं सारीं कामें संगणकानें आपल्या नियमानुसार तळाशीं नेऊन ठेवलीं. शंभर-सवाशें ओळींच्या खालीं, माऊसचें चाक फिरवीत जेथवर कोणी जात नाहीं, तेथें मामांची ती ओळ अकरा दिवस पडून होती.

त्याच सायंकाळीं ती ओळ तारीख-वेळेसह कागदावर छापून घेऊन मी व पुतण्या मामांच्या घरीं गेलों. पुतण्यानें त्यांच्या पायांवर डोकें ठेविलें. मामांनीं कागद हातांत घेतला, चष्मा लावून दोनदां वाचला, आणि घडी घालून खिशांत ठेविला. दुसऱ्या दिवशीं ते कामावर आले. माणसांचें भांडण मिटलें. यादीचा दोष मात्र जसाच्या तसा राहिला होता.

आणि हा दोष क्षुल्लक म्हणून सोडून देण्याजोगा नाहीं, कारण आम्ही ज्या पट्ट्यांत राहतों त्याचा सारा संसारच अशा याद्यांवर चालला आहे. चिंचवड म्हणजे मोरया गोसावींचें गांव, चाफेकर बंधूंचें गांव. चाकण म्हणजे १६६० सालीं फिरंगोजी नरसाळा यांनीं शाइस्तेखानाच्या फौजेपुढें झुंजविलेला किल्ला, आणि अलीकडे कांद्याचा बाजार. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ निघालें, आणि पुढें टेल्को, बजाज यांच्यासारख्या मोठ्या कारखान्यांभोंवतीं, त्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लहान लहान शेडांचें जाळें भोसरी, आकुर्डी, चिंचवड येथें पसरत गेलें. १९८२ सालीं तर येथें महानगरपालिकाच झाली. २००९ सालीं चाकणच्या माळावर फोक्सवॅगनचा कारखाना उघडला, व मर्सिडीज-बेंझनेंहि पिंपरीहून तेथेंच बिऱ्हाड हलविलें. हे मोठे कारखाने महिन्याभराचा माल गोदामांत भरून ठेवीत नाहींत. जपानांतील टोयोटा कंपनींत ताइइची ओनो यांनीं जी रीत घालून दिली तीप्रमाणें, लागेल तेव्हां व लागेल तेवढेंच मागवावें, हा आतां येथीलहि शिरस्ता आहे. पुरवठादाराच्या शेडमध्यें आज जो भाग दाबला जातो तो उद्यां-परवां गाडीला बसावयाचा असतो. म्हणजे चाकणांतील गाडी भोसरीच्या एका पंचावर अवलंबून, आणि तो पंच यादींतील एका ओळीवर.

आमची पुतणसून हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान पार्कांत नोकरीस आहे. ती घरीं आल्यावर मीं तिला यादीची हकीकत सांगितली. ती हंसली नाहीं, हें मला आवडलें. म्हणाली, "काका, आमच्याकडेही पहिल्यांदा असंच झालं होतं. कामं चार जातींचीं आणि यादी एकाच जातीची."

तिच्या कचेरींत या कामासाठीं जें सॉफ्टवेअर वापरतात त्याचें नांव जिरा. हें नांव घरांत प्रथम उच्चारलें गेलें तेव्हां वहिनींनीं तिला फोडणीविषयीं विचारलें होतें. वास्तविक तें आलें आहे गोजिरा या शब्दावरून. सिनेमांतील गॉडझिला नामक अक्राळविक्राळ प्राण्याचें हें मूळ जपानी नांव; त्याचें पहिलें अक्षर उडवून ‘जिरा’ केलें. मराठींत गोजिरा कशाला म्हणतात हें त्या नांव ठेवणारांस ठाऊक असतें, तर त्यांनीं पुन्हां एकदां विचार केला असता! असो. ऑस्ट्रेलियांतील सिडनी येथील अ‍ॅटलासियन कंपनीनें २००२ सालीं तें बाजारांत आणलें तें मुळांत संगणकाच्या कार्यक्रमांतील चुका टिपून ठेवण्यासाठीं. म्हणून त्यांतील प्रत्येक नोंदीला पुष्कळ वर्षें ‘इश्यू’, म्हणजे तंटा किंवा अडचण, असेंच म्हणत. पुढें त्याचा उपयोग हरतऱ्हेच्या कामांना होऊं लागला, आणि २०२५ सालीं कंपनीनें तो शब्द टाकून ‘वर्क आयटेम’, म्हणजे निव्वळ ‘काम’, असा शब्द घातला. मला ही माहिती मोठी बोधप्रद वाटली. ज्या धंद्यांत एखाद्या साधनाचा जन्म होतो त्या धंद्याचे रकाने तें जन्मतःच अंगावर घेऊन येतें. चूक कोणीं कळविली, कोणाकडे सोंपविली, किती गंभीर आहे, कोठवर आली, हे रकाने संगणकाच्या चुकीला शोभतात. डायला ते शोभत नाहींत, आणि डायला आमच्या नगांचे रकानेहि शोभले नाहींत.

पेढीवरच्या जुन्या मंडळींना यांतील मर्म ठाऊक होतें. रोजकीर्दींत व्यवहार ज्या क्रमानें घडले त्याच क्रमानें लिहावयाचे. सकाळीं तुपाचे पैसे दिले, दुपारीं कुळाकडून खंड आला, सायंकाळीं भटजींना दक्षिणा दिली. पण वर्षाअखेर कुळाकडून एकंदर आलें किती, हें पाहूं म्हटलें तर रोजकीर्द निरुपयोगी. म्हणून खतावणी: तेच व्यवहार, खात्याखात्यानें पुन्हां मांडलेले. घडलेली गोष्ट एक, पाहण्याच्या रीती दोन. त्यांत उणें एवढेंच कीं, खतावणी हातानें उतरून काढावी लागे; आणि जेथें उतरणें आलें तेथें गाळणें आलें.

हें मी ऐकीव सांगत नाहीं. शाळेंत मीं जन्मभर याद्याच केल्या. जनरल रजिस्टर हें शाळेचें मूळ पुस्तक; त्यांतून लस टोंचणारांसाठीं वयाची यादी, परीक्षेसाठीं क्रमांकांची, शिष्यवृत्तीसाठीं आणखी निराळी, आणि प्रत्येक यादीला निराळे रकाने. एके वर्षीं शिष्यवृत्तीची यादी उतरतांना, पान उलटण्याच्या गडबडींत माझ्या हातून एक ओळ सुटली. ती ओळ धुणीभांडीं करणाऱ्या एका बाईच्या मुलीची होती. माझ्या ध्यानांत आलें तें मुदत टळून महिना झाल्यावर, भलतीच दुसरी यादी करतांना. मुलीचें तें वर्ष तसेंच गेलें. तिच्या आईनें मला दोष दिला नाहीं, कारण दोष देण्याजोगें कांहीं घडलें आहे हेंच तिला कळलें नव्हतें. मी आपण होऊन सांगावयास गेलों, तेव्हां ती उलट माझीच समजूत घालूं लागली. आज ती मुलगी कोठें आहे मला ठाऊक नाहीं. ती ओळ मात्र कोणत्या पानाच्या तळाशीं होती हें मी अजून सांगूं शकेन.

म्हणून या नव्या साधनाचा खरा गुण मला दिसला तो असा, कीं त्यांत उतरणें नाहीं. नोंद एकदांच लिहावयाची. मग कामाचा प्रकार पाहून वेंचलेल्या ओळी, हवे तेवढे रकाने, हवा तो क्रम, अशी यादी तिजवरून पाडावी, तिला नांव देऊन ठेवावें, आणि पुन्हां उघडावी तेव्हां ती ताज्या नोंदींनिशीं पुढें यावी. एका यादींत काम पुरें झाल्याची खूण केली कीं दुसऱ्या यादींतहि ती झालेलीच असते, कारण दोन्ही याद्या म्हणजे एकाच वहीला पाडलेल्या दोन खिडक्या. अनेक शेडांतून आजहि एक्सेलच्या पांच पांच फायली स्वतंत्र ठेवतात व एकींतून दुसरींत मजकूर उतरतात. ती खतावणीच, फक्त शाईचे डाग पडत नाहींत एवढेंच.

संस्कृत शिकलेल्या वाचकांस याहून जवळचा दाखला देतां येईल. पाणिनीचीं सूत्रें सुमारें चार हजार. अध्याय आठ, प्रत्येकाचे पाद चार. त्यांचा क्रम लाघवासाठीं बांधलेला आहे. मागल्या सूत्रांतील पद पुढल्या सूत्रांत आपोआप चालत येतें, तिला अनुवृत्ति म्हणतात. त्यामुळें तोच शब्द पुन्हां पुन्हां उच्चारावा लागत नाहीं. परंतु ‘राम’ शब्द चालवूं पाहणाऱ्या पोराला लागणारीं सूत्रें त्या आठ अध्यायांत चोहोंकडे विखुरलेलीं. सतराव्या शतकाच्या सुमारास काशीस भट्टोजी दीक्षितांनीं सिद्धान्तकौमुदी रचली, तेव्हां त्यांनीं सूत्रें तींच ठेविलीं, फक्त कामाचे प्रकार पाडले. संधि करणाऱ्यापुढें संधीचीं सूत्रें, नामें चालविणाऱ्यापुढें नामांचीं, समास सोडविणाऱ्यापुढें समासांचीं. त्यांचे शिष्य वरदराज यांनीं बालकांसाठीं त्यांतूनहि वेंचून लघुकौमुदी केली. म्हणजे आणखी आंखूड यादी. मात्र सूत्र मूळ जागेवरून उचललें कीं मागून येणारी अनुवृत्ति तुटते, आणि एकट्या सूत्राचा अर्थच लागत नाहीं. म्हणून भट्टोजींना सूत्रासूत्राखालीं वृत्ति लिहून तुटलेलीं पदें भरून द्यावीं लागलीं. हें मीं मुलांना शेंकडों वेळां शिकविलें, आणि कारखान्यांत वेळ आली तेव्हां नेमका तेंच विसरलों. तें पुढें येईलच.

रविवारीं सूनबाई शेडमध्यें येऊन बसली. संगणकाला हात लावण्यापूर्वीं तिनें मामांना विचारलें, "मामा, सकाळीं आल्या आल्या तुम्हांला काय कळायला हवं असतं?" हा प्रश्न वर्षभरांत त्यांना कोणींच विचारला नव्हता. मामा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "डाय कंची, धारेला किती स्ट्रोक उरलेत, आणि आत्ता ती प्रेसवर चढलीय का मांडणीवर हाय." हें तिसरें आमच्यापैकीं कोणाच्याच डोक्यांत आलें नसतें. प्रेसवर चढलेली डाय उतरवून धार लावावयाची म्हणजे चालू काम थांबवावयाचें. मांडणीवरची डाय मोकळी, तिला आजच हात घालतां येतो. ज्याचें काम त्याचे रकाने त्यालाच ठाऊक.

डायच्या यादीला मग हे तीन रकाने झाले, आणि चौथा, कोण करणार त्याचा. क्रम उरलेल्या स्ट्रोकांचा. ज्याचे थोडे उरले तें वर. येथें सूनबाईनें एक युक्ति केली. ज्या डायचा आंकडा भरलेलाच नाहीं अशा ओळी एरवीं तळाशीं गेल्या असत्या. त्या तिनें सर्वांच्या वर आणल्या. "माहीत नाहीं तें आधी दिसूं दे," ती म्हणाली. इतक्या वर्षांच्या मास्तरकींत गैरहजर मुलाचें नांव मीं नेहमीं शेवटींच विचारात घेतलें, याची मला त्या वेळीं थोडी लाज वाटली.

यंत्र अचानक बंद पडणें हा दुरुस्तीचाच भाग असें मला वाटत होतें. मामा म्हणाले, तें निराळें. निगा राखण्याच्या कामाला वार ठरवितां येतो. ब्रेकडाऊनला घड्याळ लागतें. यंत्र केव्हां थांबलें, त्यामुळें कोणाचा माल अडला, सुटा भाग घरांत आहे कीं मागवावयाचा, याखेरीज तेथें दुसरें कोणी कांहीं वाचीत नाहीं. म्हणून ती तिसरी यादी. नवीन भाग ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याच्या कामाला या पट्ट्यांत ‘पीपॅप’ म्हणतात. तें बहुतेक कागदांचें काम, तेव्हां त्या यादीचे रकाने म्हणजे नमुन्याचीं मापें झालीं का, पत्र्याचें प्रमाणपत्र आलें का, ग्राहकाची सही पडली का. ग्राहकाच्या तक्रारीचें प्रकरण आणखी वेगळें. फोर्ड कंपनीनें रूढ केलेली आठ पायऱ्यांची ‘एट-डी’ म्हणून एक पद्धति आहे. तींत आज लगेच काय केलें, दोषाचें मूळ कोठें, व तो पुन्हां होऊं नये म्हणून काय बदललें, हीं तीन उत्तरें निरनिराळीं द्यावीं लागतात. जुन्या यादींत या तिहींना मिळून ‘शेरा’ नांवाचा एकच रकाना होता. त्यांत सगळीकडे ‘कामगारास समज दिली’ एवढेंच लिहिलेलें सांपडे. रकाना एक असला कीं उत्तरहि एकच येतें, आणि तें बहुधा कोणा गरिबाच्या माथीं बसतें. वेगळे तीन रकाने केल्यावर पहिल्याच महिन्यांत असें निघालें, कीं ज्या छिद्राच्या मापाबद्दल दोन कामगारांना बोलणीं बसलीं होतीं त्याचें मूळ ठेंचाळलेल्या गेजमध्यें होतें.

मालकाचें म्हणजे पुतण्याचें म्हणणें, त्याला सगळे प्रकार एकत्र दिसले पाहिजेत. तेंहि खरेंच, घरच्या कर्त्या पुरुषाला स्वयंपाकघर व शेत दोन्ही पाहावीं लागतात. त्यासाठीं एक सामाईक यादी ठेविली. पण जो रकाना सर्व प्रकारांना लागूं पडत नाहीं तो सामाईक यादींत घ्यावयाचा नाहीं, असा तिनें नियम केला. नाहीं तर निम्म्या जागा मोकळ्या राहतात आणि मोकळ्या जागा पाहण्याची डोळ्यांना संवय जडते. पुतण्यानें कुरकुर केली. महिन्याभरानें ती थांबली.

आतां माझ्या चुकीविषयीं. रकाने कमी असावेत हें मला इतकें पटलें, कीं माल पाठविणाऱ्या पोऱ्यासाठीं मीं अगदीं आंखूड यादी करविली. तो नुकताच लातूरकडून आलेला, मराठी शाळेंत शिकलेला. त्याच्यापुढें इंग्रजी नांवांचे चौदा रकाने कशाला? भाग, नग, गाडी, वेळ, एवढे चारच मीं राहूं दिले, आणि नांवें मराठींत घातलीं. सूनबाई म्हणत होती, ‘अडविलेला माल’ हा रकाना असूं द्या. मीं म्हटलें, तें तपासणीवाल्यांचें काम, त्याला कशाला? नवरात्रांत तपासणीनें काठ फाटल्याबद्दल अडवून ठेवलेल्या दोन पेट्या त्या पोरानें गाडींत चढविल्या. त्याच्या यादींत त्यांचें नांव होतें, नग होते, गाडीची वेळ झाली होती. त्या अडविल्या आहेत हें सांगणारा रकाना मीं त्याच्या डोळ्यांआड केला होता. माल परत आला, ग्राहकाचें कडक पत्र आलें, आणि तपासणीचा मनुष्य त्या पोरावर तुटून पडला. या खेपेस मी कोणाच्या घरीं समजूत घालावयास गेलों नाहीं. शेडमध्येंच उभा राहून चूक माझी असें सर्वांदेखत सांगितलें. मामा मान खालीं घालून डाय पुसत होते, पण ऐकत होते.

अनुवृत्ति तुटली ती अशी. ओळ तीच, तिच्या मागून चालत येणारा अर्थ कापला गेला. त्या दिवसापासून असें ठरलें, कीं कोणतीहि यादी कितीहि आंखूड असो, तीन रकाने तींतून काढावयाचे नाहींत: कामाचा क्रमांक, काम कोणाकडे आहे, आणि अडथळा. अडथळ्याच्या जागेंत कांहीं लिहिलें असेल तर ती ओळ तांबडी दिसते. नव्या यादीचे रकाने कोणीं झांकावयाचे झाल्यास, ती यादी ज्याच्या हातीं जाणार त्याला समोर बसवून, त्याच्या देखत झांकावयाचे. हा दुसरा नियम सूनबाईनें केला. माझ्याकडे पाहून केला असें मला वाटतें.

घरांतहि याचे पडसाद उमटले. गणपतीपूर्वीं आमच्याकडे जी एक लांबलचक यादी भिंतीवर लागत असे, तींत दूर्वा, बुंदी, नागपूरचे पाहुणे आणि माडीवरचा गळका नळ हे सारे एकाखालीं एक असत. यंदा वहिनींनींच तिचे तुकडे केले. सामानाला माप व दुकान, पाहुण्यांना गाडीची वेळ व निजावयाची खोली, पूजेच्या तयारीला मुहूर्त आणि कोणाचें सोंवळें. नळाला मात्र कोणत्याच यादींत जागा मिळाली नाहीं, व तो गौरी जाईपर्यंत गळत राहिला. प्रत्येक कामाचा प्रकार ठरवितां येतो असा ज्यांचा समज असेल त्यांनीं आमच्या माडीवर येऊन पाहावें.

परवां सहज भोसरीस गेलों होतों. मोठ्या प्रेसच्या खांबावर डायची यादी ठळक अक्षरांत छापून लावलेली असते. मामांना पडद्यापेक्षां कागद बरा वाटतो, आणि ती रोज सकाळीं नवी छापतात. वरची पहिलीच ओळ मोकळी होती. आदल्या सायंकाळीं नवी डाय आली होती व तिच्या धारेचा आंकडा अजून कोणीं भरला नव्हता. मामा चष्मा कपाळावर चढवून पुतण्याला त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून कांहीं विचारीत होते, आणि पुतण्या डाय बनविणाऱ्याला फोन लावीत होता. प्रेस बंद होता.